मनाच्या आजारातील समदुःखी सोबती आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न



आपल्या वस्तीत कुणाचा पाय मोडला तर शेजारी धावून येतात, रिक्षा बोलावतात, दवाखान्यात डबा पोहोचवतात. परंतु कुणाचे मन मोडले तर त्याच घराचे दार बंद होते. घरचे लोक बोलत नाहीत, शेजारी विचारत नाहीत, आणि लग्नाच्या बैठकीत तर तो विषय काढायचाच नसतो. या बंद दारावर टकटक कोणी करावी, आणि ती करणाऱ्याचे घर कसे चालावे, या दोन प्रश्नांचा अभ्यास आम्ही प्रस्तुत लेखात मांडत आहोत. पहिल्या प्रश्नावर अलीकडे बरेच बोलले जाते. दुसऱ्यावर फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आमचा भर दुसऱ्यावर आहे.

१. प्रश्न किती मोठा आहे?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातील 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. उपचाराची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण, आजाराच्या प्रकारानुसार, 70 टक्क्यांपासून 92 टक्क्यांपर्यंत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या वर्षी देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी 22,746 एकट्या महाराष्ट्रातील होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. त्याच वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. म्हणजे दर दिवसाला सरासरी पस्तीसहून अधिक.

आता गोराईकडे पाहू. गोराई म्हणजे दोन वस्त्या. खाडीच्या पलीकडे कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि आदिवासी यांचे जुने गाव. अलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, जागतिक बँकेच्या साहाय्याने 1980 च्या दशकात म्हाडाने आखलेल्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार, सफाई कामगार, लहान नोकरदार यांच्या सोसायट्या. पलीकडच्या गावातील माणसाला मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर आधी लाँच, मग रिक्षा, मग लोकल, आणि परळच्या केईएमला किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरला रांग. दिवसाचा रोज बुडतो. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही, यात नवल ते काय? डॉक्टर वाढले पाहिजेत हे खरेच. पण डॉक्टर तयार व्हायला बरीच वर्षे लागतात आणि तो गोराईत राहायला येईल याची खात्री नाही. मधल्या काळात दारापर्यंत जाणारा माणूस हवा.

२. 'समदुःखी सोबती' म्हणजे कोण?

ज्याने स्वतः मानसिक आजार किंवा व्यसन भोगले आणि त्यातून जो सावरला, किंवा ज्याने आपल्या घरातील आजारी माणसाला वर्षानुवर्षे सांभाळले, अशा व्यक्तीला प्रशिक्षण देऊन त्याच वाटेवरच्या दुसऱ्याच्या मदतीला उभे करणे, याला जगभर 'पीअर सपोर्ट' म्हणतात. आम्ही त्याला 'समदुःखी सोबती' असा शब्द वापरतो. सोबती डॉक्टर नसतो, समुपदेशकही नसतो. तो रुग्णासोबत रांगेत उभा राहतो, गोळी चुकली तर का चुकली ते विचारतो, आणि "मलाही असेच व्हायचे" हे एक वाक्य खरेपणाने बोलू शकतो. हे वाक्य डॉक्टरला बोलता येत नाही.

ही कल्पना परकी आहे काय? मुळीच नाही. विनयपिटकातील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला सांगून त्यांच्यासह त्याला धुतले, आणि नंतर भिक्खूंना समजावले की इथे तुमची शुश्रूषा करायला आई-वडील नाहीत, तेव्हा ती तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, घाणीची किळस वाटू नये, आणि रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी. आजच्या कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत यापेक्षा वेगळे फारसे नाही.

३. महाराष्ट्रात आणि शेजारी झालेले काम

पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी 'सहचरी' हा गटही उभा राहिला. म्हणजे रुग्णाचा सोबती आणि कुटुंबाचा सोबती, दोन्ही एकाच छपराखाली. हे लक्षात ठेवावे की सुरुवातीला दात्याचा पैसा होता म्हणून ही माणसे टिकू शकली.

मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरचा अनुभव जमेस धरून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांचे व नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा 2004 चा चित्रपट याच आजारावरचा आहे. पुण्यातच भार्गवी दावर यांनी 1999 मध्ये आपल्या आईच्या नावाने बापू ट्रस्ट स्थापन केला. आईने भोगलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. या ट्रस्टने पुण्याच्या वस्त्यांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधारावर उभे राहणारे काम केले.

नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत 2013 पासून 'आत्मीयता' हा उपक्रम राबवला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने गावातीलच माणसे निवडून त्यांना ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे आणि गरजूला सरकारी योजनेपर्यंत पोहोचवण्याचे शिक्षण दिले. त्याला कॅनडातून अर्थसाहाय्य मिळाले होते. पुढे तोच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. गोव्यात 'संगत' या संस्थेने गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या नैराश्यासाठी वस्तीतल्याच अनुभवी आयांना 'सखी' म्हणून तयार केले. त्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

तरुणांपुरते बोलायचे तर केंद्र शासनाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात, जो 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झाला, गावातील मुला-मुलींमधूनच 'साथिया' निवडण्याची योजना आहे आणि मानसिक आरोग्य हा तिच्या सहा विषयांपैकी एक आहे. पण तिचा भर मुख्यतः ग्रामीण भागावर राहिला. शहराच्या टोकाला असलेल्या गोराईसारख्या ठिकाणची मुले गावातही मोजली जात नाहीत आणि शहराच्या सोयीतही बसत नाहीत.

४. सोबती वेगवेगळे का हवेत?

एका वस्तीला एक सोबती पुरे, असे काहींना वाटेल. आम्हाला ते पटत नाही. कोळीवाड्यातील बाई ज्या बोलीत रडते त्या बोलीत ऐकणारे कोणी हवे. वडिलांच्या दारूने पिचलेला मुलगा वडिलांच्या वयाच्या माणसाशी बोलणार नाही, विशीतल्या मुलाशी बोलेल. कॉलेजात आरक्षणावरून टोमणे ऐकून खचलेल्या आपल्या मुलीला "तू मनावर घेऊ नकोस" असे सांगणारा सोबती निरुपयोगी आहे. ते टोमणे ज्याने स्वतः ऐकले आहेत तोच तिला सांगू शकेल की दुखणे तुझ्या डोक्यातले नाही, बाहेरचे आहे, आणि तरीही त्यावर उपाय करता येतो. हीच गरज ओळखून दिव्या कंदुकुरी यांनी 'द ब्ल्यू डॉन' हा दलित-बहुजनांसाठी मानसिक आधाराचा गट सुरू केला. मुलगा-मुलगी या चौकटीत न बसणाऱ्या तरुणांचे तेच. म्हणून निवड करताना बाई आणि पुरुष, तरुण आणि पालक, खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, असे सर्व प्रकारचे लोक घ्यावे लागतील. सगळे सोबती एकाच गल्लीतले आणि एकाच जातीचे असतील तर ते आपल्याच लोकांचे सोबती राहतील.

५. मग पैसा का द्यायचा? सेवा फुकट असावी ना?

इथे आपल्या सभासदांचा खरा आक्षेप आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. विनयातील पाच गुणांत 'लाभासाठी नव्हे' असे स्पष्ट आहे. आपल्या गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात, जो 2009 मध्ये लोकांसाठी खुला झाला, शिबिरांना शुल्क नसते. ज्यांना लाभ झाला त्यांच्या दानावर ती चालतात आणि जुने साधक विनामोबदला सेवा देतात. मग सोबत्याला मानधन कशाला?

आमचे उत्तर तीन मुद्द्यांत आहे.

पहिला मुद्दा. भिक्खू लाभाशिवाय सेवा करू शकत होता, कारण त्याच्या भिक्षेची आणि चीवराची काळजी समाज घेत होता. त्याच विनयात पुढे असेही आहे की दिवंगत भिक्खूचे पात्र आणि चीवर, ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना संघाने द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत. म्हणजे सेवेचा हेतू लाभ नसावा, पण सेवा करणाऱ्याची कदर मात्र व्हावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा. दहा दिवस सेवा देणे आणि वर्षानुवर्षे आठवड्यातून पाच दिवस लोकांच्या घरी जाणे यात फरक आहे. फुकट काम फक्त ज्याचे पोट भरलेले आहे तोच दीर्घकाळ करू शकतो. मानधन नसेल तर गरीब घरातला, आजारातून सावरलेला आणि म्हणूनच नोकरी गमावलेला तरुण आपोआप बाहेर राहील. मागे राहतील निवृत्त आणि सुखवस्तू लोक. मग चौथ्या मुद्द्यातील सगळी विविधता कागदावरच राहील.

तिसरा मुद्दा. 'स्वयंसेवक' या शब्दाच्या आड अन्याय होतो हे आपण आशा ताईंच्या बाबतीत पाहिले आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली. काम वाढत गेले, पण त्यांना कर्मचारी मानले गेले नाही. महाराष्ट्रात 2023-24 मध्ये त्यांना संप करावे लागले आणि मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने मानधनात दरमहा 5,000 रुपयांची वाढ दिली. तीच चूक आपण लहान प्रमाणावर का करावी?

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. आपल्याच देशात एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात, धोक्यात असलेल्या समूहातीलच व्यक्तींना शिक्षक म्हणून नेमून मानधन दिले जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने 1999 मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून प्रशिक्षित सोबत्यांच्या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि 2007 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सर्व राज्यांना तशी वाट मोकळी करून दिली. भोगलेला अनुभव ही पात्रता मानून सरकार पैसे देऊ शकते, हे यातून सिद्ध होते.

६. अक्षयनीवी : दोन हजार वर्षांपूर्वीचा धडा

नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने 3,000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक या दराने व्याज मिळायचे. म्हणजे महिन्याला 20 आणि वर्षाला 240 कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असा हिशेब. 12 गुणिले 20 बरोबर 240. विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि हा व्यवहार सभेत जाहीर करून नोंदवलेला. यालाच 'अक्षयनीवी' म्हणतात. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतही अशा अक्षयनीवींचे लेख आहेत.

यातून शिकायचे ते असे. दात्याने लेणे खोदून दिले आणि तिथेच थांबला नाही. त्यात राहणाऱ्या माणसांची दर वर्षाची गरजही भागवली. आज आपण उलटे करतो. सभागृहाला फरशी बसवायला देणगी मिळते, दात्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. पण सभागृहात बसून कुणाचे ऐकणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी देत नाही. आमदार-खासदार निधीही मुख्यतः कायमस्वरूपी मालमत्तेसाठी असतो, पगारासाठी नव्हे. त्यामुळे भिंती वाढतात आणि माणसे मिळत नाहीत.

७. निधीच्या वाटा

(अ) शासन : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 ने प्रत्येकाला शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला. कलम 31 नुसार या क्षेत्रातील मनुष्यबळाचे नियोजन ही शासनाची जबाबदारी आहे. राज्य प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांचे आणि शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचे प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद आहे. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सोबत्यांना मानधन मिळावे, अशी लेखी मागणी करणे हे दयेची याचना नसून हक्काचे काम आहे.

(आ) कंपन्या : कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. आरोग्य हा विषय त्यात बसतो. मात्र संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण आणि 2021 पासून लागणारी सीएसआर-1 नोंद चोख हवी. हा पैसा बहुधा एक ते तीन वर्षांचा असतो. म्हणून त्यातून प्रशिक्षण करावे. कायमचे मानधन त्यावर टांगू नये.

(इ) दानशूर न्यास : मानसिक आरोग्यासाठीच निधी देणारे न्यास थोडे आहेत. मुंबईतील मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह हा त्यांपैकी एक. वंचित समूहांच्या प्रश्नांना तो महत्त्व देतो.

(ई) आपण स्वतः : धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला सांगितले होते. त्याचा लहानसा भाग इथे वळवता येईल काय?

एक नमुना हिशेब मांडतो. समजा, अर्धा दिवस काम करणारे दोन सोबती, एक तरुण आणि एक कुटुंबीय, प्रत्येकी दरमहा 6,000 रुपये; म्हणजे 12,000. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाच्या महिन्यातून दोन बैठका, 4,000. प्रवास, फोन आणि प्रशिक्षण, 4,000. एकूण दरमहा 20,000 आणि वर्षाला 2,40,000 रुपये. हे सर्व ठेवीच्या व्याजातून भागवायचे तर 6 टक्के दराने 40 लाखांची ठेव लागेल. ती आज आपल्या आवाक्यात नाही. परंतु 200 कुटुंबांनी दरमहा 100 रुपये दिले तर तेवढेच होतात. शंभर रुपये म्हणजे दिवसाला साडेतीन रुपयांहून कमी. हिशेब मात्र उषवदातासारखा, दर तिमाहीला फलकावर.

८. मर्यादा आणि पथ्ये

उत्साहाच्या भरात नुकसान होऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

सोबत्याने औषध सुरू करायचे नाही आणि बंदही करायला सांगायचे नाही. घरात ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि आपल्या लहान वस्तीत तर एक शब्द फुटला तरी लग्न मोडते. मात्र जिवाला धोका दिसला तर एकट्याने गुपित सांभाळायचे नाही. ताबडतोब देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाला कळवायचे आणि माणसाला रुग्णालयात न्यायचे. शासनाची 'टेली मानस' ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पोलिसांची भीती घालू नये. कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच सामान्यतः गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

पॅगोडा जवळ आहे म्हणून गंभीर मनोरुग्णाला थेट दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू नये. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, कारण ती साधना वैद्यकीय उपचाराची जागा घेत नाही. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने पुढचे.

आणि शेवटचे पथ्य स्वतः सोबत्यासाठी. त्यालाही पुन्हा त्रास होऊ शकतो. त्या वेळी त्याला रजा मिळावी, तीही मानधनासह. आजारी पडल्यावर ज्याला आपण काढून टाकतो, तो इतरांना "आजार ही लाज नव्हे" असे कोणत्या तोंडाने सांगेल?

९. अभ्यासासाठी प्रश्न

विद्यार्थ्यांनी अभ्यासवर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

(१) सेवेचा हेतू आणि सेवेचे मानधन यांत फरक काय?
(२) आपल्या गल्लीत कोणत्या प्रकारच्या माणसाला आज बोलायला कोणीच नाही? त्याचा सोबती कोण होऊ शकेल?
(३) आपल्या संस्थेच्या मागील वर्षाच्या जमाखर्चात वास्तूवर किती आणि माणसांवर किती खर्च झाला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला जमाखर्चाची वही मागावी लागेल. विद्यार्थ्यांनी ती जरूर मागावी आणि पदाधिकाऱ्यांनी ती आनंदाने दाखवावी. वार्षिक सर्वसाधारण सभेत दरमहा शंभर रुपयांच्या वर्गणीचा ठराव यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. दोनशे कुटुंबे लगेच मिळणार नाहीत. पन्नास मिळाली तर दरमहा 5,000 रुपये जमतील. त्यात दोन सोबती बसत नाहीत. पण आठवड्यातून दोन दिवस काम करणारा एक सोबती, त्याचा प्रवासखर्च आणि महिन्यातून एकदा देखरेखीची बैठक एवढे बसवता येईल. तेवढ्याने एका घराचे तरी बंद दार उघडेल, आणि आरंभ तिथूनच करावा असे आम्हाला वाटते.

सर्वांचे मंगल होवो.